तीनतालात सगळीच खाली : बाबांची खोली, सबवूफर आणि यूमिक-१ माइक

“ना स्वच्छ ऐकू येतोय गं, पण धा मधला घे कुठं गेला?”

बाबांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी फारसं लक्ष दिलं नाही. पुढच्या आठवड्यात म्हणाले, “तीनताल लावला की सोळाच्या सोळा मात्रा खालीच वाटतात मला.” ज्याने थोडाफार तबला हाताळलाय त्याला यातली कळ लगेच समजेल. ‘धा’ म्हणजे तबल्याचा ‘ना’ आणि डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या घुमणाऱ्या वाद्याचा, ‘घे’ एकत्र; ‘खाली’ म्हणजे तालाचा डग्ग्याविना भाग. तीनतालात नवव्या मात्रेनंतर डग्गा गप्प होतो, ‘धा तिं तिं ता’ येतं, आणि तेराव्या मात्रेनंतर तो परत घुमायला लागला की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जवळ आल्याची चाहूल लागते. डग्गाच ऐकू येत नसेल तर धा काय नि ता काय, सारखेच. माणसाने समेवर यायचं कशाच्या आधाराने?

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. नोकरीत असताना आणि नंतरही पंचवटीतल्या भजनी मंडळात तबल्याची साथ करायचे. आता बोटं आखडतात, म्हणून वाजवणं सुटलं आणि ऐकणं वाढलं. त्यांच्या पंचाहत्तरीला दादाने पुण्याहून बारा इंची सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या सुरांचा मोठा स्पीकर, पाठवला. आधीचे दोन लहान स्पीकर होतेच, पाच इंची कोनचे. त्यांच्यातून डग्ग्याचा नुसता टप्पा यायचा, गोलाई नाही. सबवूफर आला की घुमारा येईल, असं दादाचं म्हणणं. घुमारा आला, पण भलताच. सतत एक हूंऽऽ खोलीत भरून राहायचा आणि डग्गा मात्र होता त्याहून हरवला.

मी इथे ज्या वस्तूबद्दल लिहितेय ती म्हणजे मिनीडीएसपी कंपनीचा यूमिक-१ हा मोजमापाचा माइक, आणि त्याच्यासोबत वापरायचं रूम ईक्यू विझार्ड नावाचं मोफत सॉफ्टवेअर. सगळे त्याला रेव म्हणतात. जॉन मल्काही यांनी ते बनवलंय. माइक आम्हाला सबवूफरच्या किमतीच्या पावपटीहून कमी पैशांत पडला. आधी हा घेतला असता तर आठ महिन्यांचा मनस्ताप वाचला असता, म्हणून इतक्या तपशिलात लिहितेय. घरात सबवूफर आहे आणि बेस नीट लागत नाही, अशांसाठी हे आहे.

आधी खोली सांगते, कारण सगळं तिच्यात आहे. इंदिरानगरमध्ये आईबाबांचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. हॉल चौदा फूट बाय अकरा फूट, उंची साडेनऊ. विटांच्या भिंती, वर-खाली काँक्रीटचा स्लॅब, जमिनीवर दोन फुटी गुळगुळीत फरशी. समोरच्या अकरा फुटी भिंतीला स्पीकर, डाव्या कोपऱ्यात सबवूफर. बाबांची वेताची आरामखुर्ची मागच्या भिंतीपासून साडेतीन फुटांवर, डावी-उजवीकडून बरोबर मध्यावर. ती जागा पंधरा वर्षांची. तिथून टीव्हीही दिसतो आणि दाराबाहेर कोण आलंय तेही.

आता आठ महिन्यांत काय काय केलं ते. पहिलं म्हणजे सबवूफरचा आवाज वाढवला. डग्गा येईना, हूं वाढला. खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा वर आल्या. भल्या बाई आहेत, आईशी गप्पा मारून जाता जाता म्हणायच्या, “भाऊ, ते जरा कमी कराल का? माझ्या देवघरातली घंटा आपोआप किणकिणते.” बाबा शरमले. ज्या माणसाने आयुष्यात कुणाला त्रास दिला नाही, त्याच्यामुळे काकूंच्या घरातली घंटा वाजते आणि त्याला स्वतःला हवा तो आवाज ऐकूच येत नाही!

मग शहरातल्या एका दुकानदाराने सांगितलं, भिंतींना फोम लावा. पिरॅमिडच्या आकाराचा, दोन इंच जाडीचा, काळा. लावला. खोली काळवंडली, आईचा चेहरा उतरला आणि व्हायोलिनच्या वरच्या सुरांतली झळाळी गेली. बेस जसाच्या तसा. असं का झालं ते आता मला कळतं. ८० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ८० कंपनांच्या, ध्वनिलहरीची लांबी सव्वाचार मीटरच्या वर असते, तिचा चौथा भाग मीटरभराहून जास्त. दोन इंचांचा फोम तिच्यासमोर मच्छरदाणीसारखा, पलीकडे काय गेलं याचा त्याला पत्ताही लागत नाही. तो फक्त उंच स्वर खातो. फोम विकणाऱ्याने हे सांगायला हवं होतं. पैसे आमचे गेले आणि भिंतीवरचे डिंकाचे डाग अजून आहेत.

त्यानंतर बाबांनीच विषय संपवायचा ठरवला. “कान गेले माझे. वय झालं,” म्हणाले. आम्ही कानांची तपासणी करून घेतली. आलेखात उंच स्वरांची रेघ खाली उतरलेली होती, जशी या वयात उतरते. खालच्या स्वरांची रेघ सरळ. तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं की वयाने जाणारं ऐकू येणं वरच्या बाजूने जातं. तरी बाबांची समजूत पटेना.

पटली ती ढोलामुळे. श्रावणात आमच्या भागात ढोल पथकांचा सराव सुरू होतो. नाशिकचा ढोल म्हणजे काय ते नाशिककरांना सांगायला नको. त्या संध्याकाळी बाबा गॅलरीत उभे होते, मैदान चांगलं अर्धा किलोमीटर लांब. ते कठड्यावर बोटांनी ठेका धरून होते. मी विचारलं, “बाबा, ढोल ऐकू येतोय?” म्हणाले, “टिपरूही येतंय आणि थापही येतेय. थाप तर इथं लागतेय,” आणि छातीवर हात ठेवला. मग थांबले. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. उघड्या मैदानातला ढोल त्यांना नीट ऐकू येत होता. बिघाड कानात नव्हता, तो खोलीत होता.

मी सातपूरला एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. आमच्याकडे व्हर्नियर असो की मायक्रोमीटर, कॅलिब्रेशनचा दाखला असल्याशिवाय टेबलावर येत नाही, आणि मोजल्याशिवाय माल पुढे जात नाही. तरी घरातल्या आवाजाच्या बाबतीत मी आठ महिने ऐकीव सल्ल्यांवर चालले. यूमिक-१ घ्यायचं ठरवलं ते त्याच्या एका गुणासाठी. प्रत्येक माइकला स्वतःचा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाची कॅलिब्रेशन फाइल कंपनीच्या साइटवरून उतरवून घेता येते. म्हणजे माझ्या हातातला हाच माइक कुठल्या स्वराला किती चुकतो याचा हिशेब सोबत येतो. फाइली दोन असतात, एक माइक स्पीकरकडे रोखून धरायचा असेल तर, दुसरी तो छताकडे उभा धरायचा असेल तर. बेसपुरतं बोलायचं तर दोन्हींत काही फरक पडत नाही, लहर इतकी लांब असते की एवढ्याशा माइकचं तोंड कुठे आहे याचं तिला काही वाटत नाही.

माइक लॅपटॉपच्या यूएसबीला लावला की लगेच ओळखला जातो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. रेव उघडताच ते स्वतःहून कॅलिब्रेशन फाइल मागतं आणि तिच्यातूनच डेसिबलची पातळीही लावून घेतं, वेगळा आवाजमापक लागत नाही. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर ॲम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये घातली की झाली तयारी. विंडोजमध्ये माइकच्या आवाजात ढवळाढवळ करणाऱ्या सगळ्या ‘सुधारणा’ मात्र आठवणीने बंद करा. पहिल्या दिवशी मी ते विसरले आणि दोन तास वेडेवाकडे आकडे बघत बसले.

सोबत येणारं तिपाई स्टँड वीतभर उंचीचं आहे. टेबलावर ठीक, पण इथे माइक नेमका कानाच्या जागी हवा, खुर्चीत माणूस बसल्यावर त्याचा कान असतो तिथे. बाबांनी भजनी मंडळातून जुना माइक स्टँड मागवून घेतला, आडव्या दांड्याचा. तो हातात घेतल्यावर त्यांना जी हुशारी आली ती मी बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती. यूएसबीची वायरही लांब घ्यावी लागते. या दोन्ही गोष्टींचा खर्च धरूनच किंमत मोजा.

आमच्या मागून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. अवजड ट्रकची घरघर कानाला फारशी जाणवत नाही, पण माइकला ती २०-३० हर्ट्झला स्पष्ट दिसते. रेवमध्ये तो पट्टा नुसता हलत असतो. म्हणून पंखे बंद, फ्रिज बंद, सोसायटीच्या पंपाची वेळ टाळून, रविवारी दुपारी अडीचला मोजलं. काकूंना आधी जाऊन सांगितलं. स्वीप म्हणजे खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत सरकत जाणारा एक आवाज, साडेपाच सेकंदांचा, ७५ डेसिबलच्या आसपास. तो संपला आणि पडद्यावर रेघ उमटली.

बाबा खुर्चीमागे उभे होते. मी १५ ते २०० हर्ट्झचा भाग मोठा केला. ४० ला सरासरीहून ११ डेसिबल वर गेलेला सुळका. मग चढउतार. आणि ८० वर विहीर, १७ डेसिबल खोल.

मी त्यांना काही सांगायच्या आधी त्यांचा डग्गा आणायला सांगितला. कपाटाच्या वरून काढला, वादी थोडी सैल पडली होती, पण बोलत होता. माइक जवळ नेऊन त्यांनी मोकळा ‘घे’ वाजवला. रेवच्या दुसऱ्या खिडकीत जिवंत आलेख दिसतो, त्यात टेंगूळ आलं ८० च्या आगेमागे. मनगटाने दाब दिला की ते उजवीकडे वर सरकायचं. बाबांनी चारपाच वेळा दाबून, सोडून पाहिलं. मग पडद्यावरच्या विहिरीवर बोट ठेवून म्हणाले, “म्हणजे इथं पडला होय माझा घे.”

का पडला, तर हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर. चौदा फूट म्हणजे ४.२७ मीटर. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये जी लहर अर्धी मावते ती तिथे अडकून घुमत राहते. ३४४ ला खोलीच्या दुप्पट लांबीने भागा, आलं ४०. तोच आमचा हूं. रुंदीचा आकडा येतो ५१, उंचीचा ५९. लांबीच्याच लहरीचं दुसरं रूप ४० च्या दुप्पट, म्हणजे ८०. या दुसऱ्या रूपात दोन जागा अशा असतात जिथे हवेचा दाब हलतच नाही, आणि त्या दोन्ही टोकांपासून खोलीच्या पाव लांबीवर येतात. चौदाचा पाव साडेतीन. बाबांची खुर्ची, पंधरा वर्षांपासून, मागच्या भिंतीपासून साडेतीन फुटांवर.

त्या जागी बसून सबवूफरचा आवाज कितीही वाढवला तरी ८० हर्ट्झ तिथे पोहोचणार नव्हते. ४० मात्र वाढत राहणार होते आणि ते स्लॅबमधून खाली काकूंच्या घंटेपर्यंत जाणार होते. ईक्यूने, म्हणजे ठरावीक सुरांचा आवाज कमीजास्त करायच्या सोयीने, खड्डा भरावा म्हटलं तर तेही होत नाही. १० डेसिबल चढवायला ॲम्प्लिफायरची ताकद दहापट लागते, १०० वॉटच्या जागी १०००, आणि जितकं ओताल तितकं भिंतीवरून येणारी उलटी लहर खोडून टाकते. हे समजल्याशिवाय नवा, मोठा सबवूफर घेणारे लोक मी पाहिलेत. आम्हीही त्याच वाटेवर होतो, दादा पंधरा इंचीचे भाव काढून बसला होता.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण यूट्यूबवरचे परदेशी व्हिडिओ पाहून आपली फसगत होते. त्यांच्याकडच्या भिंती बऱ्याचदा लाकडी सांगाड्यावर ठोकलेल्या प्लास्टरबोर्डच्या असतात. त्या बेसबरोबर थोड्या हलतात आणि त्यातला काही भाग पिऊन टाकतात. आपली वीट आणि काँक्रीट काही पीत नाहीत, आलं तेवढं परत फेकतात. त्यामुळे आपल्याकडे सुळके जास्त उंच आणि घुमणं जास्त लांब. खोली जिथवर आवाजावर राज्य करते त्या सीमेला जर्मन शास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांचं नाव आहे. आमच्या हॉलच्या आकारमानाने आणि घुमण्याच्या वेळेने ती २२० हर्ट्झच्या आसपास येते. तिच्या खाली तुम्ही सबवूफर कमी आणि खोली जास्त ऐकता.

तर खुर्ची. बाबा म्हणाले, “हलवा.” आई म्हणाली, “तिथून दार दिसतं त्यांना.” मी माइकचा स्टँड दोन-दोन इंच पुढे घेत दर वेळी स्वीप घेतला. फरशीचे सांधे मोजायला फार उपयोगी पडले. बावीस इंच पुढे, मागच्या भिंतीपासून पाच फूट चार इंचांवर, ८० ची विहीर १७ वरून ४ डेसिबलवर आली आणि ४० चा सुळका ११ वरून ६ वर. एक पैसा खर्च न होता. खुर्ची तिथे आणली, बाबा बसले, मी त्यांच्या आवडीची एक जुनी मैफल लावली. तबलजीने उठाण घेतली आणि बाबांची मान समेवर पडली. ते काही बोलले नाहीत. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्यांच्याकडेच बघत होती.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माइक हातात होता.

सबवूफरची जागा शोधायची एक युक्ती आहे आणि ती खरोखर चालते. ध्वनीच्या बाबतीत बोलणारा आणि ऐकणारा यांच्या जागा बदलल्या तरी उत्तर तेच येतं. म्हणून सबवूफर खुर्चीच्या जागी ठेवायचा आणि माइक घेऊन खोलीभर फिरायचं. आमचा अठ्ठावीस किलोचा, तो चौरंगावर चढवायला मी आणि माझा नवरा असे दोघं लागलो. डावा कोपरा, उजवा कोपरा, शोकेसजवळ, गॅलरीच्या दाराशी, सगळीकडे माइक जमिनीलगत धरून मोजलं. कोपरा सगळ्यात वाईट, तिथून खोलीतल्या झाडून सगळ्या लहरी जाग्या होतात. उत्तम जागा निघाली समोरच्या भिंतीचा मध्य. तिथे आईचं शिवणयंत्र होतं.

या वाटाघाटीला एक आठवडा गेला. शेवटी आई तयार झाली ती तिच्या स्वतःच्या कारणाने. ती बाजूच्या भिंतीलगतच्या दिवाणावर बसून भाजी निवडते आणि तिथे तिचं डोकं भणभणायचं. रुंदीची ५१ ची लहर बाजूच्या भिंतींशी सर्वात जोरात असते आणि मध्यावर शून्य. सबवूफर रुंदीच्या मध्यावर ठेवला की ती लहर उठतच नाही. दिवाणावर माइक ठेवून आधी आणि नंतर मोजलं, ५१ ला ९ डेसिबलचा फरक. आईला आलेख दाखवला नाही, नुसतं बसायला सांगितलं. “हं, आता गप्प झालं,” म्हणाली. शिवणयंत्र आता डाव्या कोपऱ्यात, खिडकीच्या उजेडात आहे.

मग फेज. सबवूफरची लहर स्पीकरच्या लहरीशी जुळवायचं हे बटण सबवूफरच्या मागे असतं आणि बहुतेक घरांत कधीच कुणी हात लावलेला नसतो. आमचे स्पीकर आणि सबवूफर ८० ला एकमेकांच्या हाती काम सोपवतात, तिथे दोघं एकत्र ओढायला हवेत. नुसते स्पीकर मोजले, ७४. नुसता सबवूफर, ७५. दोन्ही मिळून ७०! दोघं एकमेकांना खोडत होते. फेज शून्यावरून १८० वर नेला, ८०. इतका फरक एका बटणाने. कानाने हे शोधायला गेलो असतो तर चर्चेतच संध्याकाळ गेली असती, कारण उलटा लावला तरी ‘काहीतरी’ बदललेलं ऐकू येतंच.

शेवटी ईक्यू. सबवूफरमध्ये एकाच सुराच्या पट्ट्यापुरता ईक्यू लावायची सोय आहे. ४० ला ५ डेसिबल कापले, अरुंद पट्ट्यात. सुळके कापता येतात, खड्डे भरता येत नाहीत, हे एवढं लक्षात ठेवा. याने बाबांना फरक थोडाच पडला, काकूंना खूप. त्यांच्या घरी जाऊन पाहिलं, घंटा गप्प.

घुमण्याचं लांबणं राहिलं होतं. रेवमध्ये एक धबधब्यासारखा आलेख निघतो, आवाज बंद झाल्यावर कुठला स्वर किती वेळ रेंगाळतो ते दाखवणारा. आमच्या ८० ते १२० च्या पट्ट्यात लांबच लांब शेपट्या होत्या, त्यामुळे द्रुत लयीत डग्ग्याचे बोल एकमेकांत मिसळायचे. शास्त्राप्रमाणे यावर उपाय म्हणजे कोपऱ्यात चारसहा इंच जाडीचे रॉकवूलचे पॅनल, जाड कापडात शिवून. त्या तंतूंच्या भीतीने आईने नको म्हटलं. पण माळ्यावर पाच जुन्या कापसाच्या गाद्या होत्या, माझ्या लग्नातल्या पाहुण्यांसाठी करून घेतलेल्या. त्या गादीवाल्याकडून पिंजून आणल्या, गुंडाळ्या केल्या, मागच्या दोन कोपऱ्यांत उभ्या केल्या आणि वरून आईने जुन्या नऊवारीच्या खोळी शिवल्या. १०० च्या वरच्या शेपट्या चांगल्याच आखूड झाल्या, ८० च्या थोड्या, ४० वर काहीही परिणाम नाही. एवढ्या खालच्या लहरीला गादी पुरी पडत नाही. तरी द्रुत तीनतालातला ‘तिरकिट’ आणि त्यामागचा डग्गा आता वेगवेगळे ओळखू येतात. काळा फोम त्याच दिवशी उतरवला.

खडखडीचं थोडक्यात सांगते. रेवमध्ये एकच सूर सतत वाजवायची सोय आहे. ३० पासून एकेक हर्ट्झ वर जात कान देऊन फिरायचं. ४३ ला शोकेसची काच, ५८ ला सरकत्या खिडकीची पट्टी, ६६ ला समई. काचेला रबर, खिडकीला पट्टी, समईखाली लोकरीचा तुकडा. या गोष्टींचा आवाज इतके दिवस आम्ही सबवूफरच्या नावावर मांडत होतो.

माइकच्या उणिवाही सांगायला हव्यात. स्टँड आणि वायरचं सांगितलंच. यूएसबी माइक असल्याने स्पीकर आणि सबवूफरच्या आवाजातलं वेळेचं अंतर थेट मोजता येत नाही. रेवमध्ये त्यासाठी एका स्पीकरवरून खुणेचा आवाज सोडायची सोय आहे, ती वापरावी लागते, आणि ती समजायला मला दोन दिवस लागले. सगळी मदत इंग्रजीत आहे, पडद्यावर बटणांची गर्दी आहे. बाबांच्या वयाच्या माणसाला एकट्याने हे जमणार नाही, घरातलं कुणी सोबत बसायला हवं. आणि ज्यांचा ॲम्प्लिफायर स्वतःच्या माइकने खोली मोजून घेतो त्यांनी आधी तेवढं करून पाहावं. मात्र खुर्ची कुठे ठेवायची हे तो ॲम्प्लिफायर सांगत नाही.

दोन सबवूफर घ्यावेत का, असं दादाने विचारलं. हर्मन कंपनीचे टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये यावर शोधनिबंध मांडला होता. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सबवूफर ठेवले तर खोलीतल्या बऱ्याच जागांवर बेस सारखा लागतो. चारपाच जण मिळून सिनेमा बघत असतील तर त्याचा विचार करा. आमच्याकडे ऐकणारा एक आणि त्याची खुर्चीही एक. ५१ ला अजून ६ डेसिबलचा खळगा आहे, कारण खुर्ची रुंदीच्या मध्यावर आहे. ती बाजूला घेतली तर दोन स्पीकरमधला तोल जातो. बाबांनी खळगा पत्करला.

मोजमापात काम करणाऱ्यांसाठी एक गंमत. कारखान्यात आमची मापं २० अंश सेल्सिअसला धरतात, कारण तापमानाने धातू वाढतो. खोलीही तशीच वागते, फक्त वाढतो तो ध्वनीचा वेग. जानेवारीत हॉलमध्ये २० अंश होते तेव्हा सुळका ४० वर होता. मेमध्ये ३४ अंशांत मोजलं तर तो ४१ वर सरकलेला. ईक्यू एका हर्ट्झने हलवावा लागला. बाबांना हे फार आवडलं. म्हणाले, उन्हाळ्यात तबलाही चढतोच की.

फरशीवर खुर्चीच्या चार पायांच्या जागी मी चिकटपट्टीच्या खुणा केल्यात. आई रोज फरशी पुसताना खुर्ची हलवते आणि परत खुणेवर ठेवते. पट्टी निघाली की कुंकवाच्या बोटाने खूण करते, मी सुट्टीला जाऊन नवी लावेपर्यंत. बाबांना आता दार दिसत नाही. कोण आलंय ते आई आतून सांगते.

माइक सध्या घरी नाही. बाबांच्या भजनी मंडळातल्या एका काकांच्या मुलाने नेलाय, कॉलेजरोडला. काल त्याने पहिला आलेख पाठवला. ५७ ला चौदा डेसिबलचा सुळका, आणि सोबत खोलीचा फोटो. दहा फुटी खोली, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. बाबांनी फोन हातात घेऊन तो फोटो बराच वेळ पाहिला आणि मला म्हणाले, “त्याला सांग, आधी सोफा पुढे ओढ, मग बोलू.”